हलव्याचा मुकुट

सकाळी साडेसातला शलाकाचं पेज बंद पडलं. संक्रांत पुढच्या आठवड्यात होती.

वेळ मला पक्की आठवते, कारण साडेसातला मी शेगडीवर परात चढवते. थंडी अंगावर असते, हवा कोरडी असते, आणि हलव्याला काटा धरायला तीच वेळ लागते. परातीत भाजलेले तीळ, खाली राखेने झाकलेले निखारे, बाजूला साखरेचा पातळ पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. काटा धरायला लागला की हात थांबवायचा नाही. थांबवला तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि सकाळ वाया जाते.

म्हणून शलाका दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी मान वळवली नाही.

"वहिनी, पेज गेलं."

"कुठं गेलं?"

"गेलं म्हणजे गेलं. उघडतच नाहीये. असं खातंच नाही म्हणतंय."

"नेट नसेल."

"नेट आहे हो. हेमंतचं सगळं चालू आहे. माझंच गेलंय."

हेमंत माझा धाकटा दीर, शलाका त्याची बायको. घर एकच, कराडातलं, दोन मजली. आम्ही खाली, ते वर. जिना बाहेरून आहे आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून वर जातो.

"बस जरा," मी म्हटलं. "एवढा घाणा होऊ दे."

ती बसली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. अंगावर रात्रीचा गाऊन, वर हेमंतचा स्वेटर.

"वहिनी, तुम्हाला काही माहीत आहे का?"

"मला काय माहीत असणार? माझा फोन बटणांचा."

"तसं नाही," ती म्हणाली. मग "काही नाही," म्हणाली आणि वर गेली.

मी तीळ फिरवत राहिले. त्या घाण्याला काटा फार सुरेख आला होता. मला बरं वाटत होतं, आणि ते काट्यामुळे नव्हतं.

कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या घरात हलव्याचे दागिने माझ्या सासूबाई करायच्या. त्यांच्याकडून मी शिकले. नव्या सुनेची पहिली संक्रांत, बाळाचं बोरनहाण, एवढ्यासाठीच हे दागिने लागतात. काळ्या साडीवर पांढरा हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट. एक संध्याकाळ मिरवायचे, मग संपले. गिऱ्हाईक आमच्याकडे दोरा घेऊन यायचं. सुनेच्या गळ्याचा, मनगटाचा, कमरेचा, डोक्याचा असा एकच लांब दोरा, मापांच्या जागी गाठी मारलेल्या. मार्गशीर्षात दोरा यायचा आणि मी तो स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवायचे. खिळ्यावर घराचं आडनाव लिहिलेली चिठ्ठी. दोरा आला म्हणजे ऑर्डर आली. दोरा आणणारी बाई बसायची, चहा घ्यायची, सून कशी आहे ते सांगायची. दागिना कसा करायचा ते मला त्या बोलण्यावरून कळायचं.

शलाका लग्न होऊन आली तेव्हा तिला हे फार आवडलं. माझ्या शेजारी पाट घेऊन बसायची. मी शिकवलं. तिचा हात ओवण्यात चांगला होता, पण काटा तिला कधी नीट जमला नाही. चित्रकलेची पदवी होती, फोटो छान काढायची. दोन वर्षांनी म्हणाली, "वहिनी, आपण फोनवर पेज काढू या."

"काढ की," मी म्हटलं.

'आपण' म्हणाली होती. पेज निघालं तेव्हा त्यावर 'शलाकाचा हलवा' असं नाव होतं.

त्याच वर्षी माझ्या केतकीची पहिली संक्रांत होती. लेकीची, मग काय, मी मुकुट केला तसा पुन्हा केला नाही. खसखशीचा बारीक हलवा, मधे तिळाचा, कळसाला साबुदाण्याचा टपोरा दाणा. मोराची मान दोन्ही बाजूंनी. करून माझ्या हिरव्या पत्र्याच्या डब्यावर सुकत ठेवला होता. शलाकाने त्याचा फोटो काढला. खिडकीतून ऊन येत होतं, फोटो काय आला म्हणता! तिने तो पेजवर टाकला. खाली लिहिलं, "माझ्या घरातली परंपरा." केतकीनेच मला फोनवर वाचून दाखवलं.

"आई, तुझं नाव कुठं आहे?"

"घरातली परंपरा म्हटलंय ना. मी घरातलीच आहे."

"तू बोल तिच्याशी."

"जाऊ दे गं."

मी जाऊ दिलं. ते गेलं नाही, माझ्यात राहिलं.

त्या एका फोटोवर तिचं पेज वाढलं. पुण्यातून, ठाण्यातून, पार दुबईहून ऑर्डरी. दिवाळीपासूनच वरून फोनचा टिंग आवाज सुरू व्हायचा. माझं स्वयंपाकघर तिच्या बैठकीच्या बरोबर खाली. मला झोप लागेपर्यंत तो आवाज मी ऐकायचे. कुरियरवाला रोज जिना चढायचा. गिऱ्हाईक माझ्या खिडकीवरून, माझ्याकडे न बघता, वर जायचं. हलवा ती आता पुण्याहून यंत्रावरचा मागवायची. गोल, गुळगुळीत, काटा नावाला. पण फोटोत ते कुणाला दिसतं?

माझ्या खिळ्यांवरचे दोरे कमी होत गेले. लिमयांच्या घरातून तीन सुनांचे दोरे माझ्याकडे आले होते. चौथीचा आला नाही. लिमये काकू मला हळदीकुंकवात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या शलाकाकडे काय सुंदर दागिने असतात हो! सुनेने फोनवरूनच मागवले. तुम्ही पण करता का अजून?"

मी वाणाचं ताट सांभाळत हसले. "करते की. वेळ जातो."

घरी येऊन यांना सांगितलं. विनायकराव पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, तिने जाहिरात केली, तू नाही केलीस. त्यात तिची काय चूक?"

चूक नव्हती. तेच सहन होत नव्हतं.

तर पेज बंद पडलं त्या दुपारी मी वर गेले. तिच्या घरी मी सहसा जात नसे. बैठकीत भिंतीला लागून खोके रचले होते, पार छतापर्यंत. प्रत्येक खोक्यात दागिन्यांचा एक संच, तयार. त्या वर्षी तिने पेजवर जाहिरातीही दिल्या होत्या आणि ऑर्डरी तिच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. हेमंत स्टुलावर चढून वरचे खोके काढत होता.

"या वहिनी," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा, 'मोरपीस' कोण?"

"म्हणजे?"

त्याने खोका पुढे केला. वर शलाकाच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: मोरपीस. दुसऱ्यावर: अद्वयची आई. तिसऱ्यावर: कॉफी आणि कविता. पुढे एक: वेडी मुलगी.

"ही पेजवरची नावं आहेत," शलाका म्हणाली. ती जमिनीवर बसली होती, फोन मांडीत. "लोक तिथं अशीच नावं घेतात. मी त्यांना तसंच ओळखते."

"खरं नाव? पत्ता?"

"सगळं तिथल्याच निरोपांत होतं. पाठवायच्या दिवशी बघून पत्ता लिहायचे मी. दर वर्षी तसंच करते."

"फोन नंबर?"

"कशाला लागणार होता? तिथं बोलायचो की."

"आणि ज्यांनी बँकेतून पैसे भरलेत, तिथून नाव कळेल ना?"

"त्यातून काही कळली," हेमंत म्हणाला. "पण कुणी नवऱ्याच्या खात्यातून भरलेत, कुणी भावाच्या. आता मला सांगा, हा सुहास वाकणकर म्हणजे मोरपीस, की वेडी मुलगी?"

तो हसला. शलाका हसली नाही. मला हसू येत होतं, ते मी आत दाबलं.

"कंपनीला फोन कर ना," मी म्हटलं.

"कुणाला करू वहिनी? फोनच नाहीये त्यांचा. अर्ज भरला की आपोआप उत्तर येतं. तुमचं म्हणणं मिळालं, तपासतो. किती वेळा तेच. दुकानाला कुलूप लागलं असतं तर मालकाच्या दारात जाऊन बसले असते. इथं माणूसच नाही बोलायला."

"पण बंद कशाने केलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "नियम मोडला म्हणे," ती म्हणाली.

"कुठला नियम?"

"आहे एक." मग ती हेमंतला म्हणाली, "ते खोके नीट ठेव रे, मुकुट दबतील."

नवं पेज काढून बघितलं तिने. त्यावर हेमंत, हेमंतचे मित्र आणि तिची मावशी आली. मोरपीस काही आली नाही. मोरपिशीला नवं पेज निघालंय हे कळणार कसं?

संक्रांतीच्या दोन दिवस आधी माझ्या दाराशी एक बाई आल्या. साताऱ्याहून एसटीने. साठीच्या असाव्यात, हातात पिशवी, कपाळावर घाम. आमच्या दारावर सासऱ्यांच्या वेळची पाटी होती, 'करंबेळकर, हलव्याचे दागिने'. शलाकाने तिची पाटी कधी लावलीच नव्हती. लागतेय कशाला, म्हणायची.

"शलाका करंबेळकर इथंच ना? आमच्या सुनेने ऑर्डर दिलीय. पैसे भरलेत, आणि आता फोनवर काही दिसतच नाही म्हणते. रडतीये पोर. म्हटलं कराड काय लांब आहे, जाऊनच येते. गावात विचारत आले."

"सुनेचं नाव?"

"गायत्री. पण ऑर्डर कसल्याशा नावाने आहे बाई. मोरपीस."

मला मोरपीस सापडली होती. माझ्या दारात उभी होती.

"बसा. पाणी घ्या," मी म्हटलं.

त्या बसल्या. खिळ्यांकडे बघत राहिल्या. चार दोरे लटकत होते. शेगडीवर परात होती. त्यांनी परातीतला दाणा उचलून तोंडात टाकला, बोटांत दुसरा धरून काटा बघितला.

"अगंबाई, हे तुम्ही करता? घरी? आमच्या आईकडे असा असायचा. मग तुमच्याकडचंच द्या की हो. मला काय, वेळेत मिळाल्याशी मतलब."

माझ्याकडे एक संच जास्तीचा होता. हिरव्या डब्यातच होता. द्यायला काही अडचण नव्हती. वर कळलंही नसतं.

"तुम्हाला कसा हवाय?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. सुनेने पाठवलेला फोटो उघडला. "मुकुट अस्सा हवा म्हणते. हा बघून तर तिने ऑर्डर दिली. त्या शलाकाबाईंच्या हातचा आहे."

खसखशीचा बारीक हलवा, मोराची मान, कळसाला साबुदाणा. खाली माझा हिरवा डबा.

"तो मी केलाय," मी म्हटलं.

"हो का?" त्या समजूतदारपणे हसल्या. म्हाताऱ्या माणसाच्या बढाईला हसतात तशा. मी त्यांच्याहून लहान होते. "पण तिथं तर त्यांचं नाव होतं."

डबा माझ्या हाताशी होता. फोटोतला आणि हा एकच, हे त्यांना दाखवता आलं असतं. मी दाखवला नाही. जिन्याकडे बोट केलं.

"वर जा. पहिलंच दार. तुमचा खोका तयार आहे, नाव घातलेला."

त्यांना वर पाठवणं हा मला त्या वेळी माझा चांगुलपणा वाटला. तसं नव्हतं. माझा संच घेऊन साताऱ्याला गेल्या असत्या तर सगळ्यांना सांगितलं असतं, शलाकाच्या खालच्या मजल्यावरून आणला.

थोड्या वेळाने शलाका खाली आली. हातात मोरपिशीचा मुकुट.

"वहिनी, हा लहान होतोय. त्या सुनेच्या डोक्याचा दोरा घेऊन आल्यात. मी आपलं अंदाजाने केलं होतं. माझ्याकडे यंत्रावरचा हलवा संपलाय. तुम्ही... वाढवून द्याल?"

मी मुकुट हातात घेतला. पुठ्ठा चांगला कापला होता, ओवणी सफाईची होती. हलवा गुळगुळीत. मी मागची पट्टी सोडली आणि दोन्ही बाजूंनी माझा काटेरी हलवा ओवत गेले. शलाका पाटावर बसली, पूर्वी बसायची तिथे.

"वहिनी, तुम्हाला इतकं वाईट वाटलं होतं तर मला सांगायचं होतंत."

मला वाटलं, वर त्या बाई काहीतरी बोलल्या. मुकुट मी केलाय असं मी त्यांना म्हटलं होतं, ते.

"आता काय सांगायचं," मी म्हटलं. "ज्याचं त्याला कळायला हवं."

तिने मान खाली घातली. "कळलं," म्हणाली.

मग पुढे काही बोलायला तोंड उघडलं. मी वाट बघितली. ती म्हणाली, "तो पांढरा दोरा देऊ का?"

"दे," मी म्हटलं.

आणखी काही जण आले. इस्लामपूरहून एक जोडपं, विट्याहून कुणी तरी मोटरसायकलवर. जवळचे आले, लांबचे येऊ शकले नाहीत. पुण्या-ठाण्याच्या सुना काळी साडी नेसून दागिन्यांशिवाय बसल्या असतील, नाहीतर बाजारातून काहीतरी आणलं असेल. ज्यांचा पत्ता लागला त्यांचे पैसे हेमंतने परत केले. बाकीच्यांनी शलाकाला फसवी बाई म्हटलं, आणि तेही तिला दिसेल अशा ठिकाणी.

संक्रांतीच्या संध्याकाळी ती वर एकटी बसून दागिने उसवत होती. संक्रांत गेली की या दागिन्याला काही अर्थ उरत नाही. वरून कात्रीचा आवाज येत होता. हलवा परातीत पडल्याचा आवाज येत होता. खूप दिवसांनी टिंग ऐकू येत नव्हता. मी ते ऐकत शांत झोपले.

तिने तो धंदा सोडला. गावातल्या छपाईवाल्याकडे पत्रिका, फलक करायला जायला लागली. माझे दोरे परत आले. सगळे नाही. लिमयांच्या पाचवीचा आला.

याला सहा वर्षं झाली. गेल्या मार्गशीर्षात शलाका हातात खिळे आणि हातोडी घेऊन खाली आली.

"वहिनी, किती अंतरावर ठोकायचे? वरच्या स्वयंपाकघरात लावतीये. पुन्हा करावं म्हणते. या वेळी दोऱ्यावर."

"पेज नको?"

"फोटो टाकीन कधीतरी. ऑर्डर दोऱ्यावरच." मग खिळ्यांशी चाळा करत म्हणाली, "तेव्हाचं एक विचारू? रागावणार नाही?"

"विचार."

"तक्रार केलीत ते बरोबरच होतं. पण दिवस संक्रांतीचेच का निवडलेत?"

"कसली तक्रार?"

तिने सांगितलं ते असं. पेज गेलं त्या सकाळी तिला कंपनीची सूचना आली होती. मुकुटाचा फोटो दुसऱ्याच्या कामाचा आहे, तो आपला म्हणून वापरलाय, अशी तक्रार आली होती. तोच फोटो तिने वेगवेगळ्या जाहिरातींत लावला होता, म्हणून सगळं पेजच उडवलं. तक्रार करणाऱ्याचं नाव त्यात होतं. सुनीती विनायक करंबेळकर. माझं. आणि खाली लिहिलं होतं, तक्रार करणाऱ्याने ती मागे घेतली तर पेज परत मिळेल.

"म्हणजे त्या सकाळी तू..."

"तेच सांगायला आले होते. मागे घ्या म्हणून. नंतर मुकुट घेऊन आले तेव्हाही."

"मग बोलली का नाहीस?"

"मुकुट तुमचाच होता ना, वहिनी," शलाका म्हणाली. "कोणत्या तोंडाने बोलू?"

मी तिला सांगितलं की ती तक्रार मी केलेली नाही. तिने माझ्याकडे त्या दिवशीसारखंच बघितलं. "बरं," म्हणाली. वीतभर अंतरावर ठोक, म्हटलं मी. ती वर गेली.

रात्री मी केतकीला फोन लावला. तक्रारीचं विचारलं. ती म्हणाली, "आई, आता सहा वर्षांनी ते कशाला उकरतेस? तुझं नाव लागायला हवं होतं एवढंच मी सगळ्यांजवळ बोलायचे. बाबांजवळपण." यांना विचारलं, तर म्हणाले, "मला साधा फोटो पाठवता येत नाही, तक्रार कुठली करतोय?" फोटो पाठवता न येणारा हा माणूस रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना फुलांचा फोटो पाठवतो.

मी पुढे विचारलं नाही. कुणीतरी, कुठेतरी, तो मुकुट माझा आहे असं माझ्या नावानिशी लिहून दिलं होतं. हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं. त्या रात्री मी ते पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. शलाकाचं काय झालं, हे त्यानंतर आठवलं.

वरच्या खिळ्यावर यंदाचा पहिला दोरा लागला आहे, मसूर गावातल्या एका घरातला. त्यातल्या डोक्याच्या मापाचा मुकुट शलाकाने माझ्याकडे सोपवलाय. बाकीचे दागिने ती करते आहे. दारावरची पाटी गंजली म्हणून हेमंत नवी करून घेतोय. त्यावर दोघींची नावं घालायची का, असं त्याने परवा विचारलं. पाटी रंगाऱ्याकडे आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.